डोंगरात दिलेली कालवड

मी एक जुना दुधाचा तुंबा आहे. मित्रांनो, वेलीवर होतो तेव्हा चांगला गुबगुबीत होतो. मग घरधनीण नोलारीने मला पोखरलं, वाळवलं, गळ्यात मण्यांची माळ घातली आणि रोज पोटात जळता निखारा फिरवू लागली. आमच्या मसाई मुलखात याला स्वच्छता म्हणतात. दुधाला खमंग वास येतो. तुंब्याला काय होतं, हे कोणी विचारत नाही.

घरात कौतुक दोघांचंच, धाकट्या लेकीचं, सेमेयानचं, आणि माझं. घरधनी सिरोंकाच्या वाट्याला बोलणी. त्याने काही वर्षांपूर्वी कळपातली देखणी तांबडी कालवड दूर डोंगरातल्या पार्मुआतला देऊन टाकली होती. आमच्यात अशी गाय दिली-घेतली की दोघांनी एकमेकांना जन्मभर ‘पाकितेंग’ म्हणायचं, म्हणजे गाईचा दोस्त. नाव घेणं बंद. इथे पाऊस रुसला तरी तिथे एखादं जनावर तगेल, असा सिरोंकाचा हिशेब.

“कालवड गेलीच आहे, आता मलाही पोचवून या त्याच्याकडे,” नोलारी म्हणायची.

“तुला दिलं तर तो माझ्याशी बोलायचा बंद होईल.”

मग सलग दोन वर्षं पाऊस आला नाही. एकेक करून सगळ्या गाई बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी खुंटीवर कोरडा पडलो आणि तडकलो. नोलारीने मला कातडी वादीने शिवलं. सेमेयान रोज माझ्यात डोकावायची आणि तशीच निघून जायची. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी सिरोंकाने तिला खांद्यावर घेतलं, नोलारीने मला पाठीला बांधलं आणि आम्ही चार दिवस डोंगराकडे चाललो. वाटेत नोलारी एकदाही टोचून बोलली नाही. सिरोंका त्यानेच जास्त घाबरला.

पार्मुआतच्या काटेरी कुंपणाशी तो मान खाली घालून उभा राहिला.

“पार्मुआत, लेकरापुरतं दूध मिळेल का?”

पार्मुआत एका वासराची मान खाजवत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाजवू लागला. नोलारीने मला पाठीवरून सोडून हातात घेतलं.

“या नावाने मला परकी माणसं हाक मारतात,” तो म्हणाला. “तुझ्या कालवडीची पाच वासरं माझ्या कुंपणात आहेत, आणि तू भिकाऱ्यासारखा दारात उभा?”

सिरोंकाने मान वर केली. मग एवढंच म्हणाला, “पाकितेंग.”

“हां. आता आत ये. तुझी जनावरं मला फार छळतात.”

तांबडी आता पोक्त गाय झाली होती. नोलारी स्वतः धारेला बसली.

“बरं झालं, मला नाही दिलंत,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी काही एवढं दूध दिलं नसतं.”

सेमेयानने माझ्यात डोकावलं आणि हळूच विचारलं, “भरलास?”

मित्रांनो, आता माझी शिवण झिरपते. पण मला शोभेसाठी भिंतीला टांगू नका. रिकामा राहिलो की तडकतो. आणि वाईट दिवसांत दूरच्या दोस्ताच्या दारी गेलात, तर त्याला परक्यासारखी हाक मारू नका. तो तुमचीच गाय सांभाळत बसलेला असतो.