वहिनींनी खोली आवरली

टेलरबाईंनी दुकानातून येऊन खोलीचं दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. भांडी उंचीप्रमाणे रांगेत, चादरीला एक सुरकुती नाही, फरशीला फिनेलचा वास. मधोमध वहिनी, बाह्या सरसावून, गड जिंकल्यासारख्या उभ्या.

"आज त्या मॅडम येणार ना? म्हटलं वन्सं, तुमची शोभा नको व्हायला."

वहिनी म्हणजे सोनं. पण सोन्याला अक्कल कुठे असते? बाईंचा आजारच मुळी सफाईचा; तेव्हा त्या रात्ररात्र फरशी घासायच्या, बोटं सोलवटेपर्यंत. हॉस्पिटलातून सुटून त्या एकट्या राहायला लागल्यापासून सोशल वर्कर मॅडम दर आठवड्याला यायची, ती धूळ नीट साचतेय ना हे बघायला. खरकट्या कपबश्या दिसल्या की तिचा चेहरा खुलायचा. आज तिची शेवटची भेट. तिचं समाधान झालं तर खोली बाईंची, नाहीतर पुन्हा भावाच्या घरी, वहिनींच्या डोळ्यांसमोर.

"पसारा करा!" बाईंनी उशी भिरकावली, चिंध्यांची पिशवी उपडी केली.

"वेड लागलं की काय तुम्हाला!" वहिनी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"लागलं होतं. आता उतरलंय. तो डबा पाडा."

वहिनींनी डबा पाडला खरा, पण हाताची खोड जाते कुठे? लगेच उचलून सरळ ठेवला. बाई फेकतायत, वहिनी उचलतायत, असा खेळ ऐन रंगात आला असताना मॅडम दारात.

तिने चिंध्या पाहिल्या, फिनेलचा वास घेतला. चेहरा उतरला. "बाई, रात्री झोपलात ना?"

"हे माझं नाही, ह्यांचं काम."

"तुम्ही आत कशा आलात?" मॅडमने वहिनींना विचारलं.

"किल्ली आहे की माझ्याकडे. घरचंच माणूस मी!"

मॅडमने मान वळवून बाईंकडे पाहिलं. हॉस्पिटलात उशाशी बसून ह्याच वहिनींनी त्यांना घास भरवले होते. त्यांना नाही म्हणायची बाईंची कधी छाती झाली नव्हती. आज बाईंनी हात पुढे केला.

"वहिनी, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण किल्ली द्या."

वहिनींचे डोळे भरले. बाईंचेही भरले, पण हात मागे गेला नाही. शेवटी किल्ली हातावर पडली.

"खोली तुमची. पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही," मॅडम म्हणाली. "बोलावलंत तर चहाला येईन."

दोघी जिना उतरल्या. बाईंनी चहा टाकला, कपात ओतला, तोच बेल वाजली.

"वन्सं, मी! माझा चष्मा आत राहिला!"

बाईंचा हात कडीपर्यंत गेला आणि थांबला.

"थांबा हं वहिनी," त्या आतून गोड आवाजात म्हणाल्या, "जरा आवरते."

आणि खुर्चीत बसून त्यांनी आख्खा कपभर चहा निवांत संपवला, मगच दार उघडलं.