उघाडीपलीकडचा परदेश

सुलेमान कुवेतहून आला तेव्हा त्याच्याकडे तीन कागद होते. एक तिथल्या दवाखान्याचा, एक मुंबईतल्या हॉटेलचा, जिथे त्याला सरकारने आठवडाभर कोंडलं होतं, आणि तिसरा पेणमध्ये नाकात काडी घालून मिळवलेला. या माणसाला काही झालेलं नाही, असं तिन्हींवर लिहिलं होतं. जनूने ते वाचले, म्हणजे उलटसुलट करून पाहिले, आणि परत दिले.

"ह्ये समदं सरकारचं झालं," तो म्हणाला. "गावाचं कुठाय?"

टाळेबंदीचं पहिलं वर्ष होतं आणि भात कापणीला आलं होतं. सरकार तोवर जरा ढिलं पडलं होतं. पण खारशिंगी म्हणजे काही सरकार नव्हे. आमच्या गावाची वेगळी समिती होती. मिठागरावरचा मुकादम जनू तिचा अध्यक्ष, आणि मीही तिच्यात होतो, कारण मला बाहेर ठेवलं तर मी समितीबद्दल बोलत सुटेन, अशी सगळ्यांना धास्ती. नियम एकच होता. बाहेरून आला, तो चौदा दिवस वेगळा. बाहेर म्हणजे कुवेत, मुंबई किंवा आपला पेण सोडून कुठलाही तालुका. जनूने आपल्या सख्ख्या मुलाला, विशालला, मुंबईहून आल्याबद्दल शाळेत डांबलं होतं. तेव्हापासून जनूची बायको सगुणा त्याचं ताट जमिनीवरून सरकवून द्यायची. म्हणायची, अंतर ठेवा.

आता सुलेमानला घाई का होती ते सांगतो. त्याने कुवेतला तीस वर्षं गाड्या चालवल्या. तेवढ्या काळात त्याला तीन मुलं झाली आणि तिन्ही वेळा तो तिकडेच होता. त्यांच्यात मूल जन्मलं की घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या उजव्या कानात अजान म्हणतं. जगातलं पहिलं बोलणं बाळाच्या कानात पडतं ते हे. सुलेमानच्या थोरल्याच्या कानात ती मामाने म्हटली, मधल्याच्या कानात मौलवींनी. धाकट्या सफाच्या वेळी नागोठण्याला पूर होता, दवाखान्यात घरचं कोणी पोचेना, म्हणून पलीकडच्या खाटेवरच्या मूतखड्याच्या पेशंटने म्हटली. तो माणूस पुढे दर ईदला सफाला कपडे पाठवायचा आणि सुलेमान कुवेतमध्ये बसून जळायचा.

तीच सफा आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुलेमानने कुवेतच्या नोकरीला सलाम ठोकला आणि बायकोला, आसियाला फोनवर सांगितलं, "या पोराच्या कानात मीच म्हणणार. दुसरा कोण आला तर दारातनं परत पाठव."

"तू आधी ये तर," आसिया म्हणाली.

तर तो आला, आणि गावाच्या वेशीवर अडकला. शाळा भरलेली होती. कापणीला म्हणून मुंबईहून आलेली मंडळी वर्गावर्गात पत्ते कुटत होती. सुलेमानला ठेवायचा कुठे? तेव्हा जनूला कल्पना सुचली.

"पाण्यावर ठेवू. सुल्या, माझी होडी घे. ताडपत्री घालतो वर. झोप नि मासं मार. चौदा दिवस असं निघून जातील."

सुलेमान आणि जनू याच खाडीत एकत्र पोहायला शिकलेले. सुलेमानने होडी पाहिली, लेकीच्या पोटातल्या बाळाचा हिशोब केला आणि म्हणाला, "चालंल. दिवस पुरतील."

खाडीच्या बांधात आमच्याकडे एक उघाडी आहे. म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायचं नि खारं आत येऊ न द्यायचं, असं लाकडी दार. तिच्यासमोर डोह आहे. बाकी खाडीत सगळा चिखल, ओहोटीला होडी तिथे रुतली तर माणूस चालत घरी येईल. त्यामुळे नांगर डोहातच टाकायला हवा होता. दोरही लांब हवा, नाहीतर भरतीला होडी नाकानेच बुडायची. हे इथल्या पोराटोरांना कळतं. लांब दोरावरची होडी भरतीला वर नागोठण्याकडे ओढली जाते आणि ओहोटीला खाली धरमतरकडे, हेही कळतं.

फक्त एक गोष्ट ऐनवेळी कुणाच्या ध्यानात आली नाही. पेण तालुका उघाडीपाशी संपतो. तिच्या वरची खाडी रोह्याची.

पहिल्याच भरतीला वरच्या कोंडबंदर गावातून बोंब आली. तिथल्या समितीवर प्रविण होता, सगुणाचा भाऊ, म्हणजे जनूचा मेहुणा. एका कोळंबीच्या खेपेवरून दोघांचं जुनं वाकडं.

"ओ दाजी! तुमचा परदेशी माणूस आमच्या तालुक्यात आलाय! बिनपासाचा!"

"येतो तसा जाईल," जनू ओरडला.

"जाईल, पण आला व्हता अशी नोंद केलीय मी!"

झालं. ओहोटी लागली, होडी फिरून पेणात आली, आणि जनू बांधावर डोकं खाजवत उभा राहिला. माणूस परतालुक्यातून आला होता. नियम समोर उभा होता. त्याने समितीला विचारलं. समितीने, म्हणजे मीसुद्धा, नियम बरोबर आहे असं सांगितलं. सुलेमानचा पहिला दिवस पुन्हा पहिला झाला.

खाडीला भरती दिवसात दोनदा येते. दिवस उजाडायचा पहिला आणि मावळायचाही पहिलाच. तीस वर्षांत सुलेमानने जेवढा प्रवास केला नव्हता तेवढा त्या डोहात झाला, तोही पाय न हलवता. बाहेरून येणाऱ्याच्या हातावर शिक्का मारायचा असतो. आमच्याकडे तसला शिक्का नव्हता, म्हणून जनूने मिठाच्या गोणीवर मारायचा आणला आणि बांबूच्या टोकाला बांधला. दर खेपेला सुलेमानच्या हातावर 'जाडे मीठ, पेण' उमटायचं. डावा हात खांद्यापर्यंत भरल्यावर उजवा पुढे झाला. दुरून पाहणाऱ्याला वाटे, माणसाने नक्षीचा सदरा घातलाय.

खाण्याची आबाळ मात्र नव्हती. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात भाकरी-कालवण ठेवून सोडायचं, पाणी नेऊन पोचवतं. भरतीला आमच्याकडून आसिया सोडायची. ओहोटीला वरून प्रविणची बायको सोडायची, कारण भांडण पुरुषांचं होतं आणि सुलेमान दोन्हीकडून पाहुणाच. माणूस इतका सुटला की होडी एका बाजूला कलायला लागली.

"पोहून ये ना रं रातचा," मी त्याला एकदा म्हटलं.

"नको. चोरून आलो तर पोराला आल्या आल्या गुन्हेगार आजा मिळायचा," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "सफा बरी हाय ना?"

सफाचे दिवस भरत आले होते. सुलेमानचे मात्र भरतच नव्हते.

आणि एक दिवस, सकाळची न्याहारी आटपते न आटपते तोच आसिया बांधावर आली. तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं आणि मागे गावातल्या झाडून साऱ्या बायका.

"जनूभाऊ, नातू झालाय."

"मुबारक गो!" जनूचा चेहरा फुलला, आणि होडीकडे नजर जाताच कोमेजला. "मौलवींना बोलाव लगेच."

"मौलवी येऊन गेले. दारातनं परत पाठवले. ज्यानं सांगितलं तो तिकडं बसलाय."

सुलेमान होडीत उठून उभा होता. उधाणाची भरती लागलेली, होडी वर रोह्यात ओढलेली. तिथून त्याला गाठोडं दिसत होतं, पण तोंड दिसत नव्हतं.

"नियम हाय गो आसिया," जनू म्हणाला. "त्याला सोडला तर शाळेतली समदी भायेर येतील. माझा विशाल पयला."

तेवढ्यात सगुणा पुढे आली. "मी काय म्हंते वो, ह्ये पोर कुठनं आलं?"

"कुठनं म्हंजे?"

"काल गावात व्हतं का?"

"नव्हतं."

"म्हंजे भायेरनं आलं. ना पास, ना कागद, ना नाकात काडी. घाला होडीत आज्याच्या शेजारी. चौदा दिवस."

नियमाप्रमाणे सगुणा चुकत नव्हती. मी जनूकडे पाहिलं, जनूने माझ्याकडे. उन्हातान्हात, पाण्यावर, तासाभराचं पोर!

"सगुणे, गप बस," तो म्हणाला, पण त्यात दम नव्हता.

"मी गप बसते. पण नियम गप बसंल का?"

आसिया मात्र भांडत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. इतके दिवस बांधावर बसून तिने ती होडी जाता-येता पाहिली होती.

"जनूभाऊ, भरती संपते नि ओहोटी लागायची असते, तेव्हा होडी कुठं असते?"

"कुठं म्हंजे? पाणी ठरतं, दोर सैल पडतो. उघाडीच्या समोर येते."

"समोर म्हंजे पेणात का रोह्यात?"

जनूने उघाडीकडे पाहिलं, मग दोराकडे पाहिलं. "कुठंच नाय," तो सावकाश म्हणाला.

"मग जो माणूस कुठंच नाय, त्याला कुठल्या गावचा नियम लागतो?"

जनूला इतकं हायसं वाटलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने लगेच छाती काढून अध्यक्षाचा आवाज लावला. "माणूस पाण्यावर राहील. पोर बांधावर राहील. मधी सहा फूट. वल्हं धरा आडवं!"

मी वल्हं धरलं. बायका बांधावर दाटीने बसल्या. पाणी चढत बांधाच्या गवतापर्यंत आलं, वेग गेला, आणि खाडी ताटातल्या आमटीसारखी थांबली. सुलेमानने सैल दोरावरून होडी बांधाला आणली. आसियाने दुपटं सारून बाळाचा उजवा कान त्याच्याकडे केला. लाल, चुरगळलेला, भिजलेल्या पापडासारखा एवढासा कान.

सुलेमान हात कानांशी नेऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडून काही बाहेर येईना. ओठ हलत होते. डोळे वाहत होते. पाणी ठरतं ते काही आमच्यासाठी थांबत नाही. उघाडीशी अडकलेली काडी खालच्या अंगाला सरकली, ती मी पाहिली, जनूनेही पाहिली.

"म्हण की रं सुल्या!" जनू ओरडला. "पाणी फिरतंय! म्हण लवकर!"

आणि तो म्हणाला. बाळाच्या कानात हळू म्हणायची असते, पण तीस वर्षं साठलेली होती. ती बांधावरून गेली, मिठागरांवरून गेली. जिते स्टेशनात उभ्या मालगाडीच्या गार्डने हिरवा बावटा खाली घेतला असं लोक सांगतात. आपण तेवढं मानायला नको. बाळाने मात्र एकदा जांभई दिली आणि कान हलवला. हे मी वल्ह्याच्या अंतरावरून पाहिलंय.

वरून प्रविणची बोंब आली. "दाजी! ऐकू आली हां इकडं! आवाजाला पास कुणी दिला?"

"तुझ्या तालुक्याचं कान बंद करून घे!" जनू ओरडला, आणि गमछ्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

दोर ताणला. होडी हळूच तोंड फिरवून खाली निघाली. सुलेमान तसाच उभा, हात अजून कानांशी. उघाडी ओलांडून तो पेणात आला तेव्हा जनूने घसा साफ केला.

"सुल्या, परतालुक्यातनं आलायस. आजचा पुन्हा पयला दिवस मोजावा लागंल."

सुलेमान होडीत बसला, ताडपत्रीला टेकला आणि पाय लांब केले.

"मोज रं जन्या, सावकाश मोज," तो म्हणाला. "मला आता कसली घाई नाय."