जो लुईसमोर देवाप्पा

"अण्णा, आज अली आन जो लुई. दोघं बी पंचवीस वर्षांचं," खुर्ची खाटेजवळ ओढत देवाप्पा म्हणाला.

जिनाप्पा खाटेवर पडून होते. अर्धांगानं त्यांची वाचा गेली, त्याला दोन महिने झाले होते. मुलगा गोमटेश त्यांना बेळगावहून बोरगावच्या घरी घेऊन आला होता. त्यांना माणसं ओळखू येतात की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. देवाप्पा मात्र दर गुरुवारी निपाणीत बस बदलून यायचा.

देवाप्पा फौजेतून निवृत्त होऊन बेळगावच्या कॅम्पात राहत होता. अकरा वर्षांपूर्वी तो जिनाप्पांच्या खडेबाजारातल्या दुकानात शर्टाचं कापड घ्यायला गेला आणि बोलता बोलता बॉक्सिंगचा विषय निघाला. दिवस मावळल्यावर अन्नाला न शिवणारे पक्के जैन जिनाप्पा या खेळाचे वेडे निघाले. तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं दुकानाच्या गादीवर बसून, कधीच समोरासमोर न आलेल्या चॅम्पियनांची झुंज लावायचे. पंखा फिरत राहायचा, रस्त्यावरचा गलका लांब जायचा, आणि कापडाच्या ठाणांमधून दोन उंचेपुरे काळेसावळे तरुण हळूच बाहेर यायचे.

आजही ते आले. अली पावलं न वाजवता खोलीभर फिरू लागला. लुई छोटी छोटी पावलं टाकत त्याची वाट अडवत राहिला. देवाप्पाचा आवाज संथ होता. खिडकीतून उसाच्या मळ्यावरचा वारा येत होता.

आठव्या राऊंडला देवाप्पा पाणी प्यायला थांबला. दाराशी डाळ निवडत बसलेल्या प्रेमलाबाई, जिनाप्पांच्या पत्नी, पहिल्यांदाच मध्ये बोलल्या.

"भाऊजी, तुमी सोता कधी खेळला न्हाईसा व्हय?"

देवाप्पानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एकदा फौजेच्या फायनलला तो उतरला होता. घंटा झाली आणि चाळीस सेकंदांत तो आडवा झाला होता. पुन्हा रिंगणात पाय ठेवायचा धीर झाला नाही. पुढची वीस वर्षं तो दुसऱ्यांचे हातमोजे बांधत राहिला. जिनाप्पांनाही हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"खेळलो की, वैनी," तो म्हणाला. "चाळीस सेकंद. अण्णांला सांगायची लाज वाटत हुती."

प्रेमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. जिनाप्पांकडं पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, की एव्हाना रोज यांचा डोळा लागतो, आज लागला नाही. मग देवाप्पाकडं वळल्या.

"त्या लुईसंगं तुमची लावा की."

"मी कुठं, वैनी."

"पंचवीस वर्षांचं व्हा की. त्येंला ऐकू दे."

देवाप्पानं अलीला मनातल्या मनात कोपऱ्यात बसवलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि उभा राहिला. डावा पाय पुढं, मागची टाच किंचित उचललेली, हनुवटी छातीशी. अडुसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले.

"पैला राऊंड, अण्णा," तो म्हणाला. "त्यो माझ्याकडं यायलाय. मी मागं सरलो न्हाई."

आणि खाट नि कपाट यांच्यामधल्या वीतभर जागेत तो डावीकडं सरकू लागला. प्रेमलाबाई उठल्या, आणि त्याला फिरायला जागा व्हावी म्हणून त्यांनी औषधांचं स्टूल भिंतीला लावलं.