बूड-ओढीचा चांगला हंगाम

परवा ओदिलच्या रेडिओवर बातमी लागली. आमच्या फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरात यंदाचा स्कीचा हंगाम झकास गेला, कित्येक वर्षांत असा झाला नव्हता, असं निवेदक सांगत होता. वर उंचावरच्या उतारांवर ख्रिसमसपासून ईस्टरपर्यंत बर्फच बर्फ होतं, हॉटेलांत पाय ठेवायला जागा नव्हती. ओदिल माझ्या इंजिनघरात ग्रीसचा डबा घेऊन बसली होती. तिनं रेडिओ बंद केला नाही, नुसती हसली. मीही हसले असते. पण मित्रांनो, मला आता हसायचं म्हटलं तरी सगळी चाकं किरकिरतात.

मी बेलव्हो गावच्या उतारावरची लिफ्ट, वयानं म्हातारी आणि अंगानं त्याहून म्हातारी. लिफ्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काचेचे डबे आले असतील, तर ते आधी विसरा. माझे मोजके लोखंडी खांब आहेत, त्यांवरून फिरणारी एक तार आहे आणि तारेला लटकणारे दांडे आहेत. प्रत्येक दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी गोल चकती. पायांत स्की बांधून यायचं, दांडा धरायचा, चकती मांड्यांमध्ये घ्यायची आणि गुमान उभं राहायचं. मी तुम्हाला मागून रेटत, ओढत माथ्यावर नेते. तिथून घसरत खाली येणं हे तुमचं काम. इथली माणसं मला 'बूड-ओढी' म्हणतात. नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही, पण खोटंही नाही.

माझं लोखंड दरीतल्या एका कारखान्यात घडलं. गावात मला आणलं ते मात्र इथल्या शेतकऱ्यांनी. त्या उन्हाळ्यात गवताची कापणी उरकल्यावर त्यांनी हातांनी खड्डे खणले, खांब उभे केले आणि तार चढवताना एकमेकांना इतक्या शिव्या घातल्या की पाद्रीबाबांना ऐकू येऊ नये म्हणून चर्चची दारं लावून घेतली होती म्हणे. उद्घाटनाचा मान त्याच पाद्रीबाबांना मिळाला. ते चकतीवर खुर्चीत बसावं तसे ऐसपैस बसले आणि झग्यासकट आडवे झाले. माझ्यावर बसायचं नसतं, हे गावाला त्या दिवशी कळलं.

ओदिल माझ्याकडे आली तेव्हा तरुण होती. उन्हाळ्यात चीजच्या कारखान्यात काम करायचं आणि हिवाळ्यात माझ्या पायथ्याशी उभं राहून माणसांच्या हातात दांडे द्यायचे, असं तिचं आयुष्य गेलं. "बसू नका! उभे राहा!" हे तिनं जन्मभरात किती वेळा ओरडलं असेल, देव जाणे. खालच्या शहरांतून येणारे पाहुणे हमखास बसत आणि हमखास पडत. रविवारी रांग बेकरीपर्यंत जायची. माझ्यावर प्रेमं जमली, माझ्यावर हाडं मोडली, आणि एका नवरीनं तर लग्नाच्या झग्यातच चकती धरली होती. गावातलं प्रत्येक पोर 'पहिला तारा' माझ्याच उतारावर मिळवायचं. हा तारा म्हणजे स्की येऊ लागल्याचा बिल्ला. तो छातीवर लागला की पोर आठवडाभर कोट काढत नसे, झोपतानासुद्धा.

मग बर्फानं हळूहळू पाठ फिरवली. आधी ते उशिरा येऊ लागलं, मग येऊन लगेच जाऊ लागलं, मग त्याच्या जागी पाऊस येऊ लागला. आमचा उतार उंच नाही, हे आमचं दुर्दैव. रांग बेकरीपर्यंत जायची ती माझ्या पहिल्या खांबापर्यंत जाईना. लोक गाड्या घेऊन वरच्या मोठ्या उतारांवर जाऊ लागले. कोणाला दोष देऊ? बर्फ जिथे, तिथे माणसं. पण हिवाळाभर चिखलात नुसतं उभं राहणं, दांडे वाऱ्यावर खुळखुळत राहणं, हे कामापेक्षा जास्त दमवतं. काम करून आलेला थकवा झोपेनं जातो. हा जात नाही.

गेल्या शरदात गावच्या मेयरबाई मिरेय इंजिनघरात आल्या. त्यांचा तारासुद्धा माझ्याच उतारावरचा. त्या बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिल्या.

"ओदिल, पंचायतीनं ठरवलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "या हिवाळ्यात ताऱ्यांच्या परीक्षेपुरती तरी लिफ्ट चालली, तर ठेवायची. नाही चालली, तर वसंतात तार उतरवायची. रागावू नका."

"रागावत नाहीये," ओदिल म्हणाली. "तू लहानपणी दर वेळी चकतीवर बसायचीस, तेव्हा नाही रागावले. आता काय रागवायचं?"

मेयरबाई हसल्या, पण त्या गेल्यावर ओदिल माझ्या मोटारीवर डोकं टेकून बसली. यंदा तिची नात लिझाँ परीक्षेला बसायची होती. आपल्या हातानं नातीला दांडा द्यायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

डिसेंबर हिरवागार गेला. ख्रिसमसला पाऊस पडला. जानेवारीत बोटभर बर्फ आलं आणि दुपारच्या चहाआधी वाहून गेलं. फेब्रुवारीत रेडिओवाला वरच्या उतारांचं कौतुक करत होता आणि इथे माझ्या खांबांभोवती डेझीची फुलं उमलत होती. परीक्षा पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. ओदिल रोज सकाळी यायची, आभाळाकडे बघायची, माझी चाकं हातानं फिरवून बघायची आणि घरी जायची.

मार्च अर्धा उलटल्यावर एका रात्रीत बर्फ पडलं. जंगलात गुडघाभर, माझ्या वरच्या अर्ध्या उतारावर बऱ्यापैकी, आणि खालचा अर्धा मात्र उघडाबोडका. दक्षिणेचं ऊन तिथे थेट येतं. वरचा तुकडा पांढरा, खालचा हिरवा. नेसता नेसता लुगडं अर्ध्यात सोडून दिल्यासारखी मी दिसत होते.

तेव्हा फिर्मां आला. फिर्मां हा शेजारचा गाईवाला. माझे खांब त्याच्या कुरणात उभे आहेत आणि गवत कापताना ते आडवे येतात, म्हणून तो जन्मभर माझ्या नावानं खडे फोडत आलेला. ओदिलचं आणि त्याचं हाडवैर.

"काय ग, रडतेयस?" तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला.

"तुला बघून कोणीही रडेल. कशाला आलायस?"

"जंगलातून बर्फ आणून टाकतो खाली. ट्रॉली जोडलीय."

ओदिलनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रॉलीकडे. "ही शेणाची ट्रॉली ना?"

"धुतलीय!"

"कधी?"

"अगं, धुतलीय म्हणतो ना! पोरांना बर्फ हवंय की माझ्या ट्रॉलीचा जन्मदाखला?"

त्याचं बघून आणखी दोन शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. कोणी फावडी आणली, बेकरीवाल्यानं पाव आणि गरम वाईन पाठवली. दोन दिवस जंगलातून बर्फाच्या खेपा चालल्या होत्या. चढणीवर ट्रॅक्टर घसरायचे, माणसं खांदे लावायची. फिर्मां सत्तरीचा आहे. त्याला दम लागायचा तेव्हा तो तार तपासायला थांबलाय असं दाखवून माझ्या खांबाला टेकून उभा राहायचा. मला त्याचं काळीज धडधडताना कळायचं. इतकी वर्षं शिव्या देणारा माणूस माझ्याच आधारानं उभा होता.

परीक्षेच्या सकाळी ऊन पडलं आणि फिर्मांची ट्रॉली बोलू लागली. धुतली होती हे खरं. पण कोपऱ्यांत गोठलेलं काही पाण्यानं निघालं नव्हतं. ऊन वाढलं तशी खालच्या उतारावर एक तपकिरी रेघ उमटली, मग दुसरी, आणि वारा सुटल्यावर कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. लाल कोट घातलेला तरुण परीक्षक सिप्रियाँ वरच्या मोठ्या उतारावरून आला होता. त्यानं नाक मुरडलं आणि विचारलं, "यांना तारा द्यायचाय की गोवरी?"

सगळे फिर्मांकडे वळले. तो म्हणाला, "गाई चांगल्या खातात माझ्या. बिनधास्त घसरा."

पोरं खिदळून लोळायची बाकी होती. ओदिलनं कळ दाबली. मोटार धडधडली, खोकली आणि चालू झाली. तार ताणली गेली तेव्हा माझ्या अंगातून अशी कळ गेली की वाटलं, इथेच तुटावं. पण पायथ्याशी सात पोरं उभी होती.

एकेकाला मी वर नेलं. शेवटी लिझाँ आली. ओदिलनं तिच्या हातात दांडा दिला आणि ओरडायच्या ऐवजी अगदी हळू म्हणाली, "बसू नकोस हं, राणी."

लिझाँ बसली. आणि पडली, ती नेमकी तपकिरी रेघेत.

"आजी, मी वासाची झाले!"

"धुऊ मग. ऊठ. मी सांगते ते ऐक. ती तुला नेतेय, तू तिच्यावर भार नको टाकूस. नुसती उभी राहा."

दुसऱ्यांदा ती उभी राहिली. मी तिला सगळ्यांत सावकाश नेलं. खरं सांगायचं तर त्याहून वेगानं नेणं मला जमतच नव्हतं. वरून ती वेडीवाकडी घसरत आली, शेवटी हात पसरून ओदिलच्या पोटावर आदळली आणि थांबली. सिप्रियाँनं तारा काढून तिच्या कोटावर टोचला. ओदिल रडली, उघडपणे रडली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तसा पाद्रीबाबा पडले तेव्हाही झाला नव्हता.

ताऱ्यांनंतर सगळे इंजिनघरासमोर जमले. चीज कापलं गेलं, वाईन ओतली गेली. मेयरबाई एका खोक्यावर चढल्या. त्यांच्या नव्या बुटांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"लिफ्ट चाललीय! शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या. "तार राहणार! आणखी एक वर्ष, ओदिल!"

टाळ्या पडल्या. मी पुन्हा खूश व्हायला हवं होतं ना, मित्रांनो? पण 'आणखी एक वर्ष' ऐकलं आणि माझी तार जडशीळ झाली. पुन्हा ते चिखलात उभं राहणं. पुन्हा आभाळाकडे डोळे लावणं.

तेवढ्यात लिझाँ तोंडातला घास गिळत म्हणाली, "पुढच्या वर्षी बर्फ आणायला फिर्मांकाकांना आणखी लवकर उठवायला लागेल."

सगळे हसले. ओदिल हसली नाही. तिनं फिर्मांकडे पाहिलं. तो ट्रॉलीच्या काठावर बसला होता. तोंड पांढरं पडलेलं, हात काखेत, आणि ग्लास धरायचंही त्राण नव्हतं.

"नको, मिरेय," ओदिल म्हणाली. "उतरवा तिला."

मेयरबाई खोक्यावरून खाली उतरल्या.

"अगं, तुझंच तर सगळं चाललं होतं!" फिर्मां भडकला. "माझी कंबर मोडली दोन दिवसांत, ती काय गंमत म्हणून?"

"म्हणूनच म्हणते. आजचा दिवस चांगला गेला. याहून चांगला आता येणार नाही. दर हिवाळ्यात तुमच्या सगळ्यांच्या कंबरा मोडायच्या आणि ही बिचारी कण्हत फिरायची, हे मला नको. बुधवारी पोरांना शाळा नसते, तेव्हा वरच्या उतारांवर न्यायला बस लावा. मी जाईन त्यांच्याबरोबर, बूट बांधायला कोणीतरी लागेलच."

"पण ओदिल, वर्षानुवर्षं तुम्ही..." मेयरबाई म्हणाल्या.

"एक अट आहे. उतरवायचं म्हणजे उतरवायचं. समोरच्या डोंगरावर बघ, त्या गावानं त्यांची लिफ्ट बंद केली आणि तशीच सोडली. खांबांतून झुडपं उगवलीत, तार लोंबतेय, पोरं दगड मारतात. माझ्या बाईचं तसं होऊ द्यायचं नाही. शेवटचा नट मी सोडवीन."

खरं सांगते, आधी मला राग आला. जिच्या हाताला माझं ग्रीस जन्मभर चिकटलं, तिनंच मला नको म्हणावं? रात्रभर तार ताठ ठेवून मी कुढत राहिले. सकाळी ओदिल आली, मोटारीवर हात ठेवून म्हणाली, "दमलीस ना?" आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

तर रेडिओवाल्याला सांगा, बेलव्होतही यंदा हंगाम चांगला गेला. एक दिवस गेला, वासासकट गेला, पण चांगला गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तुमच्याकडे सहसा 'मला जपा, मला टाकू नका' असं मागतात. माझं मागणं जरा वेगळं आहे. जे तुमच्यासाठी राबलं, त्याला 'आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष' करत ओढू नका, आणि काम संपल्यावर रानात गंजायलाही सोडू नका. स्वतःच्या हातांनी उतरवा, पुसा, आणि ते थकलंय का, हे त्याला एकदा तरी विचारा.

वसंतात कुरणात गाई येतात, म्हणून आता ऑक्टोबरमध्ये, फिर्मांच्या गाई खाली गोठ्यात उतरल्या की, मला उतरवणार आहेत. जमलं तर या. नुसते बघायला मात्र येऊ नका. पाना घेऊन या.