मुरारीच्या वाट्याचा भंडारा

वाचकांस प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, पुढील कथेत ज्यास थोर म्हणावे असा एकही पुरुष आढळणार नाही. दापोडी गावी बसगाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या एका कारागिराचा संताप कसा उत्पन्न झाला, कोणावर कोसळला आणि अखेर कोठे येऊन थांबला, एवढेच मी यथामति सांगणार आहे. संताप हा काही शोभिवंत विषय नव्हे. परंतु तो आमच्या आळीने डोळ्यांनी पाहिला, म्हणून लिहितो.

श्रावणातल्या त्या संध्याकाळी दत्तोबा अंगणात बसून बायकोचे जुने लुगडे फाडीत होता. बायकोचे, म्हणजे सारजाबाईचे, लुगडे अजून दोन महिने नेसण्याजोगे होते व ती तसे आतून ऐकवीतही होती. परंतु दत्तोबाचे चित्त तिकडे नव्हते. चार बोटे रुंदीच्या पट्ट्या तो एकीवर एक रचीत होता. जय मल्हार फुटबॉल संघाचे अकराही गडी त्या काळी अनवाणी खेळत. घोट्यापासून चवड्यापर्यंत सुती पट्टी आवळायची, गाठ बाहेरच्या अंगाला घ्यायची आणि मैदानात उतरायचे. बाकीचे गडी आपापल्या पट्ट्या आपण बांधीत. मुरारीच्या पायांना मात्र सहा वर्षे दत्तोबावाचून कोणाचा हात लागला नव्हता.

मुरारी हा संघाचा प्राण होता. त्याच्या पायाचा ठोका दत्तोबास पाठमोरा असतानाही ओळखू येई. ओल्या गोणपाटावर मोगरी आपटावी तसा तो भरीव आवाज आला की दत्तोबा मान न वळवता म्हणे, "ह्यो मुरारीचा." आळीत दत्तोबास कोणी गाद्या शिवणारा म्हणून ओळखीत नसे. तो मुरारीचा पट्टीवाला होता, आणि त्या ओळखीवर तो ताठ मानेने चालत असे.

अशा वेळी बबनराव दारात सायकलवरून उतरले. बबनराव म्हणजे सायकल दुकानाचे मालक व संघाचे प्रमुख. त्यांनी घोडी लावली नाही. सायकल तशीच भिंतीला टेकवली.

"फाडू नगंस आता," ते म्हणाले. "मुरारी चिंचवडला गेला. काचकारखान्याच्या संघात. गळ्यात त्यांचे बूट अडकवून फिरतोय."

दत्तोबाने हातातली पट्टी पूर्ण फाडली आणि मगच वर पाहिले.

चिंचवडच्या काचकारखान्याचे नाव निघताच दापोडीच्या माणसाचे रक्त का तापावे, हे येथे सांगणे अवश्य आहे. मागल्या साली ढालीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आम्हांस हरविले. हार होते, जीत होते. परंतु सामना संपल्यावर त्यांच्या मंडळींनी फाटक्या बुटांचा एक जोड आमच्या गोलच्या मधोमध आणून ठेविला आणि गरिबांस दान केल्याचे पुकारले. तो जोड उचलून मुरारीनेच नदीत भिरकावला होता. त्या दिवशी आळीने त्याला खांद्यावर बसवून घरी आणले. आणि आता त्याच पायांत तेच बूट.

"जायचा न्हाई," दत्तोबा म्हणाला. "भंडारा उचललेला माणूस हाय त्यो."

"त्योच तर राग हाय," बबनराव म्हणाले. "तुझ्यासमोर उचलला ना?"

दत्तोबा उठला. पायात वहाणा सरकवून तो तडक मुरारीच्या घराकडे निघाला.

आमच्या संघाची चाल अशी होती की, ज्येष्ठातल्या पहिल्या रविवारी सर्व गड्यांनी खंडोबाच्या देवळात जमायचे, तळहातावर बेल आणि भंडारा घ्यायचा व हा हंगाम दापोडीचाच, असे देवास सांगायचे. अकरा जणांचे झाल्याशिवाय नारळ फुटत नसे. त्या सालच्या रविवारी दहा जण आले. मुरारी आला नाही. मंडळी खोळंबली, कुजबूज सुरू झाली, तेव्हा दत्तोबाने पुढे होऊन सांगितले की, मुरारी पहाटेच भंडारा उचलून गेला, मी समोर होतो. नारळ फुटला. पट्टीवाल्याच्या शब्दावर संशय घेण्याचे कोणासच कारण नव्हते.

मुरारी ओट्यावर बसून नव्या बुटांना तेल चोळीत होता. त्याने मामा म्हणून हाक मारली आणि बसायला घोंगडी सरकवली. दत्तोबा उभाच राहिला. मुरारीने काही लपविले नाही. चार वर्षे तो दापोडीच्या बसकारखान्यात बदली कामगार होता. सहा महिने काम, तीन महिने घरी. चिंचवडला कायमची नोकरी होती व राहण्यास पक्की खोली होती. पाय अजून किती वर्षे साथ देतील कोणी सांगावे, असे तो म्हणाला.

"नोकरीचं ऱ्हाऊ दे," दत्तोबा म्हणाला. "भंडाऱ्याचं सांग."

"मी उचलला न्हाई, मामा. तुमाला ठावं हाय."

"का आला न्हाईस त्या दिशी?"

"मनात तवाच जायचं होतं. देवाम्होरं खोटं कसं बोलू? म्हनून रहाटणीला मावशीकडं जाऊन बसलो. दुसऱ्या दिशी कळलं, तुमी सगळ्यांना काय सांगितलं त्ये. तुमच्याकडं बघून मला बोलवंना."

दत्तोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो खोटे बोलला होता हे त्यास स्वतःस कधी पटलेच नव्हते. कारण त्या रविवारी पहाटे तो देवळात एकटा गेला होता, आपल्या वाट्याचा भंडारा त्याने उचलला होता, आणि मग मुरारीची वाट पाहून पाहून त्याच्या वाट्याचाही आपल्याच तळहातावर घेऊन, "ह्यो मुरारीचा," असे देवास सांगितले होते. ज्याचे पाय आपण बांधतो त्याचा शब्दही आपणच बांधला तर काय बिघडले, अशी त्याची समजूत. आता ज्याच्यासाठी देवापुढे हात पसरला, तोच पोर बुटांना तेल लावीत म्हणत होता की मी सांगितले नव्हते.

"माझ्या शब्दाला तू चूड लावलीस," एवढे बोलून तो माघारी वळला.

दुकानावर बबनरावांसह सारी आळी वाट पाहत होती. मुरारी भंडारा नाकारतो की काय, असे त्यांनी विचारले. दत्तोबाने खाली पाहून म्हटले की, नाकारतो. मग काय विचारता. बुटांसाठी जात विकली असे कोणी म्हणाले, आईच्या दुधाचे कोणी काढले. एकटा साक्षीदार दत्तोबा, आणि त्याने तोंड उघडले नाही. राग इतका होता की, पोळू दे त्याला, असे त्यास मनोमन वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीने मुरारीची तिरडी काढली. बांबूवर त्याचा दहा नंबरचा सदरा पसरला, वर गवत टाकले, पुढे हलगी लावली. मडके कोणी धरायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा बबनराव म्हणाले, मामाने धरावे. दत्तोबाने ते धरले. धूर डोळ्यांत जात होता व तो मागे न पाहता चालत होता. बसकारखान्याच्या भोंग्यापूर्वी आटपायचे म्हणून मिरवणूक झपाझप चालली आणि मुरारीच्या दारापाशी येऊन मुद्दाम थांबली.

मुरारी पहाटेच चिंचवडला कामावर गेलेला होता. दारात त्याची आई गवराबाई उभी राहिली. ती दत्तोबास भाऊ मानीत असे. दर दिवाळीला त्याला ओवाळी. तिने सदऱ्याकडे पाहिले, मडक्याकडे पाहिले. हलगी आपोआप बंद पडली.

"दादा," ती म्हणाली, "पोर म्हनतंय मी उचलला न्हाई. तुमी म्हनता उचलला. तुमी खोटं बोलायचं न्हाई, म्हनून मी देवाचा टाक झाकून ठेवलाय. माझ्या पोरानं मल्हारीला फशिवलं असंल, तर त्या घरात मी कुठल्या तोंडानं दिवा लावू?"

दत्तोबाच्या हातातले मडके कलंडले. निखारा पायावर पडला तरी त्याने पाय काढला नाही. मग बबनरावांनी खूण केली, हलगी वाजू लागली आणि मंडळी पुढे गेली.

घरी सारजाबाईने भाजलेल्या जागी तूप लावले. ती फार बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिने बोलणे मोजके केले.

"दुसऱ्याच्या नावानं भंडारा उचलून आलाव, त्या रातीला हसत मला सांगितलं व्हतं. आठवतंय का?"

दत्तोबा तिच्यावर ओरडला. मुरारीची बाजू घेतेस, असे म्हणाला. ती म्हणाली, मुरारीची गेली उडत, मी गवराबाईच्या बंद देव्हाऱ्याचं बोलतीया. दत्तोबाने ताट सरकवले. त्यानंतर आठ दिवस त्याने मान खाली घालून गाद्या शिवल्या. मशीनवर सुई तुटे, तो नवी बसवी, पुन्हा तुटे. मुरारीवरचा त्याचा राग तसूभर कमी झाला नव्हता. परंतु त्या रागाच्या आत आणखी एक राग जाऊन बसला होता, आणि तो कोणावर काढावा हे त्यास समजत नव्हते.

रविवारी पुलाखालच्या मैदानावर काचकारखान्याशी आमचा सामना होता. बबनरावांनी बेत असा केला होता की, मुरारी मैदानात उतरताच आळीतल्या प्रत्येकाने मूठभर भंडारा त्याच्या अंगावर टाकायचा आणि खोटी शपथ घेतल्याचे चारचौघांत पुकारायचे. एकदा असा पिवळा झालेला माणूस पंचक्रोशीत मान वर करू शकत नाही. त्यास मुलगी कोण देईल? दीडदोनशे माणसे मुठी आवळून दोरीलगत उभी राहिली. गवराबाईही पदर डोक्यावर घेऊन लांब बाभळीखाली बसली होती.

काचकारखान्याचा संघ निघाला. मुरारी शेवटी होता. दोरीपाशी येऊन तो थबकला. मुठी त्यास दिसल्या. तो मुकाट्याने खाली बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला.

बबनरावांनी हात वर केला. त्याच वेळी दत्तोबा दोरीखालून वाकून आत शिरला आणि मुरारीच्या पुढे, आळीकडे तोंड करून उभा राहिला.

"टाकायचा तर हितं टाका," तो म्हणाला. "त्यानं भंडारा उचलला न्हवता. मी उचलला. त्याच्या नावाचा. तुमाला खोटं सांगितलं त्येबी मीच."

बबनराव म्हणाले, "दत्तोबा, लळ्यापायी बोलतोस तू. बाजूला हो."

"लळा गेला चुलीत," दत्तोबा म्हणाला. "ह्या पोरानं आपल्या तोंडाला काळं फासलं. त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाई. पर देवाम्होरं ह्यो खोटा न्हाई पडला. खोटा मी पडलोय. गवराबाई, घरी जाऊन दिवा लाव."

असे म्हणून त्याने आपली मूठ स्वतःच्याच डोक्यावर उघडली. भंडारा कपाळावरून, मिशांवरून सदऱ्यावर ओघळला. आळीतल्या मुठी हळूहळू खाली आल्या. काहींनी भंडारा परत पुडीत बांधला. बबनराव पुढे आले, दत्तोबाच्या काखेतले पट्ट्यांचे गाठोडे त्यांनी काढून घेतले आणि म्हणाले की, उद्यापासून संघाच्या कामात पडू नकोस. ज्या शब्दावर नारळ फुटला तो शब्दच पोकळ निघाला, ही गोष्ट आळीने पुढे कित्येक वर्षे त्यास माफ केली नाही.

"मामा," मुरारी मागून म्हणाला.

"मला मामा म्हनू नगंस," दत्तोबा म्हणाला. परंतु वळताना त्याची नजर खाली गेली. मुरारीने दोन्ही बुटांच्या गाठी बाहेरच्या अंगाला घेतल्या होत्या.

शिट्टी झाली. दत्तोबा घरी गेला नाही. दोरीबाहेर एका दगडावर तो मैदानाकडे पाठ करून बसला आणि सामना संपेपर्यंत त्याने मान वळवली नाही. पुढून जाणारी माणसे त्याच्या पिवळ्या डोक्याकडे पाहत व वाट सोडून जात. मागे धावण्याचा गलका होता, आरोळ्या होत्या, चेंडूवर चामडे आदळण्याचे आवाज होते. दर आवाजाला तो कान देई. आपल्या गड्यांचे अनवाणी ठोके त्यास कळत; बुटांचे सगळे सारखेच टणक होते. त्यांतला मुरारीचा कोणता, ते त्यास काही केल्या ओळखू आले नाही.

त्या दिवशी दोरीलगत उभ्या असलेल्या मुठींमध्ये एक माझीही होती, म्हणून हे लिहिणे मला भाग होते. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतचे. भाषेत जे उणे असेल ते माझे समजावे. इतका वेळ देऊन ज्यांनी हे वाचले, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

चिमाजी रामभाऊ काटे, दापोडी