मेंढीखालचा चेंडू

धुळाप्पा धनगराला गोल्फ हा खेळ पहिल्याच दिवशी कळला, आणि तो त्याला मुळीच आवडला नाही. एवढे शिकलेसवरलेले साहेबलोक, आणि लिंबाएवढा चेंडू काठीनं बडवत उन्हातान्हातून एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडं हिंडतात! मारायचा, हुडकायचा, परत मारायचा. "एवढी तंगडतोड करायची तर चार मेंढरं तरी पाळावी की," असं तो बायकोला, मायाक्काला, सांगायचा.

मैदानावर मात्र त्याचा भारी जीव. सोलापूरच्या वेशीबाहेरचं ते माळरान साहेबांनी तारेचं कुंपण घालून राखलं होतं, आणि तिथलं गवत आखूड ठेवायचं काम धुळाप्पाच्या साठ मेंढ्यांचं. त्या साली, म्हणजे बत्तीस साली, पाऊस असा रुसला की आसपासच्या माळावर नुसते दगड उरले. हिरवं काय ते कुंपणाच्या आत.

ही सोय करून दिली होती गिरणीतल्या म्हाताऱ्या मॅकफी साहेबानं. वीस वर्षं सोलापुरात काढलेला माणूस, मराठी मोडकं पण बिनधास्त बोलायचा. "धुळाप्पा, आमच्या स्कॉटलंडात हा खेळ धनगरांनीच काढला म्हणतात. मेंढ्या राखता राखता काठीनं खडे टोलवायचे. वाऱ्यापासून लपायला मेंढ्या वाळूत जिथं बसायच्या, तिथं खड्डे पडले. आज आम्ही ते मुद्दाम खणतो."

"मंग तुमचे धनगर लई रिकामटेकडे, साहेब," धुळाप्पा म्हणाला. मॅकफी साहेब पोट धरून हसला.

पण दिवाळीनंतर क्लबाचा कप्तान बदलला. नवा कप्तान रेल्वेतला पेंटन साहेब. कपड्याला सुरकुती नाही आणि तोंडावर हसू नाही. बुटाला लेंडी लागली की दिवसभर त्याचा पारा उतरायचा नाही. त्यानं क्लबातल्या गुरुसिद्धप्पा कारकुनाकडून बजावलं, "चषकाच्या सामन्यात एक जरी मेंढी आडवी आली, तरी दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद."

साठ मेंढ्या घेऊन जायचं कुठं? सामन्याच्या दिवशी धुळाप्पानं सगळा कळप कुंपणाच्या पार कोपऱ्यात कोंबला आणि बिरोबाला नारळ बोलला.

सामना पेंटन आणि मॅकफी यांच्यातच. शेवटच्या भोकापर्यंत दोघं बरोबरीत. आणि तिथं पेंटन साहेबाचा टोला वाकडा गेला. चेंडू उसळत आला तो थेट कोपऱ्यात, कळपाच्या मध्ये, आणि खुरानं पडलेल्या एका खळग्यात रुतला. धुळाप्पा पुढं होईस्तोवर सकाळपासून चुळबुळणारी काळतोंडी मेंढी गरकन वळली आणि त्याच चेंडूवर बसली. तिचे दिवस भरले होते.

साहेब पोचले. पेंटननं एकदा मेंढीकडं आणि एकदा धुळाप्पाकडं पाहिलं. "उठव तिला."

गुरुसिद्धप्पानं मराठीत सांगायची गरजच नव्हती. पण विणारी मेंढी जिथं बसेल तिथून उठवायची नाही, हे धुळाप्पाच्या घरात आज्यापणज्यापासून चालत आलेलं. हे मोडायचं म्हणजे कळपावर गदा. त्यानं मेंढीपुढं घोंगडं पसरलं आणि खाली बसला.

"न्हाय साहेब. व्यायला लागलीया ती. घटकाभर थांबावं लागंल."

गुरुसिद्धप्पानं ते इंग्रजीत चाचरत सांगितलं. पेंटन लालबुंद झाला. पण मॅकफी साहेब चिलीम पेटवून गवतावर बसलासुद्धा. म्हणाला, "कप्तान, चेंडू असेल तिथूनच मारायचा, हा आपलाच नियम. मेंढी कुठं पळून जाणार आहे?" मग पेंटनही थांबला, उभ्यानंच. आधी दात ओठ खात. नंतर कोकराचे पाय बाहेर दिसले तेव्हा टोपी काढून हातात घेऊन.

तासाभरानं कोकरू ओलंचिंब धडपडत उभं राहिलं. काळतोंडी उठली आणि चेंडू दिसला. तिच्या लाथांनी तो सरकून वीतभर लांब, सपाट गवतावर येऊन बसला होता, अगदी ताटात वाढल्यासारखा. तिथून भोक समोर दिसत होतं.

पेंटन साहेबाचा चेहरा उजळला. तरी हललेला चेंडू मूळ जागी ठेवायची खेळाची रीत, म्हणून त्यानं विचारलं, "चेंडू इथंच होता?"

"सुम्निरु," गुरुसिद्धप्पा कानडीत पुटपुटला. गप्प बैस म्हणून. आणि खरंच, नुसती मान हलवली असती तर साहेब खूश, मेंढरं सुखी आणि फाटक उघडं! धुळाप्पाला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

"न्हाय साहेब," तो म्हणाला आणि काठी खळग्यात टेकवली. "हितं व्हता."

पेंटननं चेंडू उचलला, स्वतःच्या हातानं खळग्यात ठेवला, तिथून बाहेर काढायला दोन टोले घालवले आणि चषक हरला.

घरी येऊन धुळाप्पानं मायाक्काला सगळं सांगितलं. "बांधाबांध कर. माझ्याच तोंडानं घात केला."

"मंग? खोटं बोलून आनलेलं गवत मेंढरांनी खायचं व्हतं काय?" मायाक्का म्हणाली आणि कोकराच्या कपाळाला भंडारा लावला. पण बोचकं बांधताना तिचेही डोळे भरून आले.

सकाळी उरलेलं सामान घ्यायला धुळाप्पा मैदानावर गेला, तर फाटक सताड उघडं. गुरुसिद्धप्पा वाट बघत उभा होता. हाताला धरून त्यानं त्याला क्लबाच्या ओसरीवरच्या काळ्या फळ्यापुढं नेलं. प्रत्येक मैदानाचे आपले वेगळे नियम असतात, ते इथं लिहितात, असं त्यानं सांगितलं. खाली पांढऱ्या रंगात एक नवी ओळ होती. गुरुसिद्धप्पानं ती मराठीत करून वाचली:

"मेंढी चेंडूवर बसली तर ती आपण होऊन उठेपर्यंत खेळाडूनं थांबावं. चेंडू हलला तर मूळ जागा धनगर दाखवील. त्याचा शब्द अखेरचा. सही, पेंटन."

"म्हंजी मेंढरं हितंच?"

"मेंढरंच नसली तर नियम कुणासाठी रे? उद्या सकाळी घेऊन ये."

धुळाप्पानं ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग धावत घरी जाऊन मायाक्काला घेऊन आला आणि गुरुसिद्धप्पाला चौथ्यांदा वाचायला लावली. मायाक्कानं कोकरू पोटाशी धरून सगळं ऐकलं. पदरानं डोळे पुसले.

"साहेबानं लई चांगलं केलं," ती म्हणाली. "पर त्यो अखेरचा शबुद हितं मैदानावरच ठेवा. घरात आनू नका, सांगून ठेवते."