कंपनी बदलली

शीलानं लेन्स उजवीकडे फिरवली. ती हलली नाही. तिनं जोर लावायच्या आत काउंटरपलीकडून बळीरामचा हात पुढे आला.

“मोडशीन वं. याचं उलटं असते. डावीकडं फिरव.”

लेन्स टक्कन सुटली. शीलानं मान वर केली नाही. नऊ वर्षं तिच्या हातांना निकॉनची सवय होती. हा कॅनन कालच यवतमाळहून आणला होता.

“चांगला तं होता तो. काहून बदलला?”

“हा हलका आहे, भाऊ.”

बळीरामनं कॅमेरा तळहातावर तोलून पाहिला.

“माही एकबी लेन्स याले बसनार नाही.”

“मले मालूम आहे.”

“मंग अडलं तं कोठी जाशीन?”

“अडू नाही देनार.”

दारव्ह्याच्या याच स्टुडिओत बळीरामनं तिला शिकवलं होतं. पुढे ती स्वतः लग्नांची कामं घेऊ लागली, तरी मोठी लेन्स लागली की त्याच्याकडेच यायची. तो कधी नाही म्हणाला नाही. अल्बमवर स्टुडिओचं नाव टाक, एवढंच सांगायचा. मागच्या दिवाळीत नेरला एका बाईनं मोठ्या हौसेनं घरातला अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. “पाहा, बळीरामभाऊसारखे फोटो कोनी काढत नाही.” ते सगळे फोटो शीलानं काढलेले होते. ती पानं उलटत राहिली. पण हातात निकॉन असेपर्यंत आपले पाय त्या स्टुडिओकडेच वळणार, हे तिला घरी येतानाच कळलं होतं.

बोरी अरब गावातलं लग्न आठ दिवसांवर होतं. सकाळी ती कापूस वेचणाऱ्या बायांमागे शेतात फिरे, दुपारी एसटी स्टँडवर उभी राही. झूमची कडीही या कॅमेऱ्यात उलटी फिरायची. चेहरा जवळ आणायला जावं, तर तो दूर पळायचा. हात चुकला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. घरी सासू सापडे.

“अवं, किती काढशीन मले?” इंदूबाई कढईसमोरून ओरडल्या. “भाजी जयून राह्यली ना!”

“अजून एक, आत्याबाई. हलू नका.”

लग्नाच्या दिवशी विहारात पंचशील झालं आणि नवरीनं, अपेक्षानं, हार उचलला. शीलाच्या बोटांनी जुन्या सवयीनं कडी फिरवली. अपेक्षाचा चेहरा एकदम लहान झाला. तो पुन्हा जवळ येईपर्यंत हार नवरदेवाच्या गळ्यात पडला होता.

शीलानं घामेजलेला हात ओढणीला पुसला. कडीला हात न लावता ती दोन पावलं पुढे सरकली. नवरदेवानं घातलेला हार तिला नेमका मिळाला. अपेक्षाच्या मिटलेल्या पापण्यांसकट.

जेवणं झाल्यावर ती अपेक्षाजवळ बसली.

“तुह्या हाराचा फोटो हुकला माह्याकडून. पुन्हा घालाले लावता येते, पन ते खोटं दिसन.”

अपेक्षानं कॅमेरा स्वतःकडे वळवला. “राहू द्या, ताई. दुसरे दाखवा.”

महिन्याभरानं बळीराम शीलाच्या घरी आला. याआधी तो कधी आला नव्हता. छापून आलेला अल्बम खाटेवर होता. त्यानं चष्मा लावला आणि एकेक पान सावकाश पाहिलं.

“नवरीच्या हाराचा कोठी आहे?”

“हुकला.”

शेवटच्या पानावर ‘छायाचित्रं : शीला भगत, दारव्हा’ असं छापलेलं होतं. बळीरामचं बोट तिथे बराच वेळ थांबलं.

“मी फुलचंदभाऊच्या हाताखाली शिकलो,” तो म्हणाला. “कॅमेरा त्यायच्याच कंपनीचा, लेन्सा त्यायच्याच. एक दिवस बदलून टाकला. त्यायले म्हनलं, त्या कॅमेऱ्यानं डोये दुखते.”

“दुखत होते?”

“नाही.”

इंदूबाईंनी चहा आणला. बळीरामनं तो बशीत ओतून संपवला आणि चपला घालता घालता दाराशी थांबला.

“माह्या खुशीचं लग्न जुळलं, येत्या रविवारी साक्षगंध आहे. त्या दिवशी मले पोरीचा बाप म्हून बसाचं आहे.”

“किती वाजता येऊ?”

“दहाले ये.”

तो गेल्यावर शीलानं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि रविवारच्या चौकोनात पेनानं ‘खुशी’ असं लिहिलं.